पिठाच्या गिरणीमागचे नगरसेवक

निवडणुकीच्या पहिल्याच सभेत एका बाईने विचारलं, "पाणी कधी येणार?" आमच्या शेजारच्या खोलीतल्या दाजी परबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माइकवर सांगितलं, "माका ठावक नाय. खोटा कशाक बोलू?"

मंचावरच्या कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला. खाली मात्र टाळ्या पडल्या. दहिसरला आमच्या भागात असा उमेदवार कुणी पाहिलाच नव्हता. दोन मोठे पक्ष एकमेकांची मतं खात बसले आणि संपात कापडगिरणीची नोकरी गेलेले, अपक्ष उभे राहिलेले दाजी नगरसेवक झाले.

निवडून आल्यावर तरी माणूस सुधारेल म्हणावं, तर छे! सार्वजनिक संडासाच्या उद्घाटनाला फीत कापून म्हणाले, "दाराक आतली कडी नाय. मी बसान बघितलंय. गाणा म्हणत ऱ्हवा." चाळीतले केळकर वारले, तेव्हा शोकसभेत प्रत्येक जण 'देवमाणूस, देवमाणूस' करत होता. दाजी उठले. "माणूस तिरसट होतो. माझ्याशी कधी धड बोललो नाय. पण माझी बायको आजारी होती, तेव्हा रोजचो डबो त्याच्या घरसून येय." एवढंच बोलून खाली बसले. केळकरांच्या मुलीला त्या सभेत पहिल्यांदा रडू फुटलं.

आम्हाला मोठी मजा वाटायची. दाजींचं खरं बोलणं ऐकायला लोक मुद्दाम सभेला जात. खरं बोलायला त्यांना काही कष्ट पडत नसतील, असंच आम्ही धरून चाललो होतो.

साऱ्या कारकिर्दीत त्यांनी वचन असं एकच दिलं. नदीकाठच्या झोपड्या पाडायला गाड्या येणार, अशी आवई उठली, तेव्हा तिथे जाऊन म्हणाले, "गाडयेच्या फुडे पयलो मी उभो ऱ्हवतलंय."

गाड्या आल्या त्या सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. नदीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. आडवाट धरली, तर पिठाच्या गिरणीमागे, भिंतीला पाठ लावून दाजी उभे. खांद्यावर, टोपीवर पीठ. मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी तसाच पुढे गेलो. काय बोलणार?

संध्याकाळपर्यंत झोपड्या भुईसपाट झाल्या. दाजींचा उजवा हात म्हणजे मधू राणे. त्याने भराभर वावड्या उठवल्या, की दाजी पालिकेच्या साहेबांना भेटायला मोठ्या ऑफिसात गेले होते, तिथेच त्यांना अडकवून ठेवलं. दोन दिवसांनी सभा बोलावली.

"दाजी, एवढंच बोला आणि बसा," मधू कानात म्हणाला. "निभावून नेऊ यार."

दाजी उभे राहिले. "मी खय गेलंय नाय. पिठाच्या गिरणीपाठी लपान ऱ्हवलंय. भियालंय."

ह्या वेळी टाळी पडली नाही. झोपडी गेलेली शेवंताबाई पुढे बसली होती. ती उठली. आवाजही चढवला नाही तिने. "तुमचं खरं घेऊन मी काय करू, दाजी? पोरं कुठे निजवू?"

खाली बसावं हेसुद्धा दाजींना सुचलं नाही. सभा उठली तरी ते उभेच.

पुढच्या निवडणुकीला मधू दुसऱ्या पक्षात गेला आणि दाजी पडले. नाक्यावर पोरं त्यांना 'पीठवाले दाजी' म्हणू लागली. त्यांच्याकडे येणारी माणसं बंद झाली. भिंतीपलीकडून रेडिओ तेवढा ऐकू यायचा.

नदीकाठी तट्ट्यांच्या झोपड्या हळूहळू पुन्हा उभ्या राहिल्या. तिकडे एका दगडावर दाजी रोज सकाळी जाऊन बसतात, असं कळलं. मी गेलो. शेवंताबाईने मला चहा दिला. दाजींना विचारलंही नाही.

"दाजी, आता तुम्ही नगरसेवक नाही. इथे कशाला बसता?"

"गाडये येतले."

"आणि आल्या तर? भीती नाही वाटणार?"

"भ्याव वाटतलाच." मग म्हणाले, "पण पळालंय, तर ह्या वेळेक त्यांच्या देखत पळतलंय."

दिवाळीनंतर गाड्या आल्याच. बातमी कळताच मी धावत गेलो. दाजी पहिल्या गाडीपुढे उभे होते. घोषणा नाही, हात वर नाही. एका हवालदाराने त्यांना दंडाला धरून, अगदी म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं, बाजूला नेऊन सोडलं. तट्टे कडाकडा मोडू लागले.

शेवंताबाई भांडी, गोधड्या बाहेर फेकत होती. तिच्या काखेत कोंबडी होती. दाजी दिसताच ती आली आणि कोंबडी त्यांच्या हातात कोंबली.

"धरा हिला. सोडू नका."

त्या सभेनंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलली असावी. दाजींनी कोंबडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. दोघांतलं कोण जास्त थरथरत होतं, सांगता येणार नाही.

गाड्या निघून गेल्या. बायका मोडक्या सामानातून आपापलं वेचू लागल्या. दाजी तिथेच उभे होते, कोंबडी तशीच घट्ट धरून. शेवंताबाईला कोंबडीची आठवण राहिली नव्हती, आणि तिला हाक मारायचा दाजींना धीर होत नव्हता.