सगुणा साळूचं बीळ आणि सागवानी पाटी

एका जंगलात सगळं काही होतं, बाळांनो. नदी होती, करवंदं होती, वाघमहाराज होते. फक्त इतिहास नव्हता.

तुम्ही म्हणाल, इतिहास नसला तर काय अडतं? मलाही तसंच वाटायचं. पण नदीपलीकडच्या जंगलात एक झाड होतं आणि त्या झाडाला कुंपण होतं. का, तर कुण्या हत्तीच्या पणजोबांनी त्याला पाठ घासली होती म्हणे. ते बघायला लांबलांबून प्राणी येत. हे कानावर आल्यापासून वाघमहाराजांना शिकार गोड लागेना.

"आपल्याकडे जुनं काय आहे?" त्यांनी दरबारात विचारलं.

"आपणच, महाराज," कोल्हा म्हणाला.

महाराजांनी डोळे वटारले. कोल्ह्याने घाईघाईने वारसा समिती काढली आणि तिचा अध्यक्षही झाला.

समिती हिंडत हिंडत टेकडीपाशी आली. तिथे सगुणा नावाची साळू राहायची. साळू माहीत आहे ना? अंगभर लांब काटे असतात, तीच. सगुणा पोटुशी होती आणि दाराशी बसून एक हाड कुरतडत होती.

"बाई, हे बीळ कधीचं?" कोल्ह्याने विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीनं उकरलेलं," ती कौतुकाने म्हणाली. "आमचे सगळ्यांचे जन्म इथलेच. आता माझी पिल्लंही इथेच होतील."

बोलून गेली बिचारी. तिथेच चुकली.

कोल्हा आत शिरला आणि ओरडतच बाहेर आला. "हाडांवर नक्षीकाम आहे!"

"नक्षी कसली, दातांच्या खुणा आहेत त्या. आमचे दात वाढतच असतात. हाडं कुरतडून झिजवावे लागतात."

"प्राचीन लोककला," कोल्ह्याने समितीला समजावलं.

"अहो, कालचं हाड आहे ते!"

"बाई, जाणकार बोलत असताना मधे बोलू नये."

झालं. बीळ संरक्षित वास्तू ठरलं. दाराशी सागवानी पाटी लागली, 'प्राचीन साळूनिवास. सध्या रिकामा.'

"रिकामा कसा? मी राहतेय की!" सगुणा म्हणाली.

"तेच तर सांगायला आलो. पाटी खोटी पडायला नको. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करा."

"माझे दिवस भरत आलेत हो, कोल्होबा. पिल्लं होईपर्यंत तरी राहू द्या."

"संग्रहालयात बाळंतपण? पाहुणे काय म्हणतील!"

सगुणा करवंदीच्या जाळीत गेली. तिथेच तिला दोन पिल्लं झाली. नव्या पिल्लांचे काटे गवतासारखे मऊ असतात. आसपास तरस फिरायचं. सगुणा काटे फुलवून, जाळीच्या तोंडाशी पाठ करून बसून राहायची. मला अजून राग येतो, बाळांनो. असो, गोष्ट पुढे नेतो.

इकडे उद्घाटन झालं, मोर नाचला, गर्दी लोटली. पण पाहुणे कुरकुरायला लागले. "नुसतं भोक आहे. साळू कुठाय?"

म्हणून समितीने एका सशाला बाभळीचे काटे चिकटवले आणि दाराशी बसवलं. ते कळल्यावर सगुणा धावत आली.

"मी बसते दाराशी. मी साळूच आहे. फक्त पिल्लांना आत निजवू द्या."

कोल्ह्याने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचे काटे झडलेत. सशाचे कसे एकसारखे दिसतात. शिवाय तो संध्याकाळी आपल्या घरी जातो."

आता बिळाचं असं असतं, की आतली माती रोज थोडी ढासळते आणि राहणारा ती रोज बाहेर ढकलतो. इथे राहणारं कोणी नव्हतं. आणि वास्तूच्या मातीला हात लावायचा नाही, असा समितीचा नियम होता. हिवाळा संपता संपता बीळ बसलं. ससा जेवायला गेला होता म्हणून वाचला. पाटीला काही झालं नाही.

नेमके तेव्हाच नदीपलीकडचे पाहुणे यायचे होते. कोल्हा दुसरं जुनं घर शोधायला निघाला. ओढ्याकाठी सगुणाने नवं बीळ उकरलं होतं. दाराशी दोन पिल्लं हाडं कुरतडत होती.

"काय रे पोरांनो, कधीपासून राहता इथे?"

पिल्लांनी मानही वर केली नाही. नीट चालता येण्याआधीच आईने त्यांना उत्तर पढवून ठेवलं होतं. "आजच आलो."

कोल्हा वडाच्या ढोलीतल्या घुबडाकडे गेला. घुबड म्हणालं, "आजच आलो."

डोहाकाठी म्हातारं कासव होतं. त्याच्या पाठीवर शेवाळाचा थर चढला होता.

"आजच आलो," कासव म्हणालं.

शेवटी पाहुण्यांना मातीच्या ढिगापुढे उभं केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाटी फार सुंदर आहे हो."

वाघमहाराजांनी त्याच दिवशी पाटीला कुंपण घातलं.

तात्पर्य : जुनं घर जपणं अगदी सोपं असतं. आधी राहणाऱ्याला बाहेर काढावं आणि पाटी सागवानी घ्यावी.