खऱ्या मुकुटाचा शेवटचा भाग

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका मुलांनो, मला आता नक्की सांगता येणार नाही) रोज संध्याकाळी तळ्याकाठच्या कातळावर एक मालिका चाले. तिचे नाव 'मुकुट तुझा, हृदय माझे'.

ती साळींदरीण साळूबाई लिही. अंगावरचाच एक काटा उपटायचा आणि लिहायला बसायचे. प्रेक्षकांना भाग आवडला की ते शेपटी उभी करत. उभ्या शेपट्या कावळा मोजी.

मालिकेत राजाचे काम कोल्हा करी. वाळक्या गवताची आयाळ, पळसाच्या पानांचा मुकुट. पण रडायचा छान. हळूहळू प्राणी वाटेतही त्याच्या पाया पडू लागले.

एकदा जंगलाचा खरा राजा, वज्रनख सिंह, पाणी प्यायला आला. ससा म्हणाला, "काका, जरा सरकता का? राजेसाहेबांना पाणी प्यायचंय."

मागे कोल्हा उभा होता.

सिंहाने साळूबाईला बोलावले. "उद्यापासून राजा आम्ही. आणि तो पानांचा मुकुट आम्ही घालणार नाही. आमचा खरा आणू."

"मग राणी मीच होणार," सिंहीण मंजिरी म्हणाली. "मी काय गुहाच झाडत बसू?"

सेनापतीच्या कामाला खरा सेनापती बिबट्या आला. त्याने काहीच अट घातली नाही. खरे तर तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

आठ दिवस राजाने राणीला कमळे दिली. शेपट्या पडल्या.

"महाराज," साळूबाई म्हणाली, "सुखाला शेपटी उठत नाही. राणीचं मन सेनापतीवर जडू दे. तुम्ही तिच्यासाठी मुकुट उतरवा, त्याच्या डोक्यावर ठेवा आणि वनवासाला निघा."

सिंहाने मुकुट घट्ट धरला. "मुकुट परत मिळेल ना?"

"भाग संपला की लगेच."

त्या संध्याकाळी सिंहाने कमाल केली. मुकुट उतरवून त्याने बिबट्याच्या डोक्यावर ठेवला. "राणी, तू सुखी राहा," एवढेच तो म्हणाला. हत्ती हुंदके देऊ लागला. सगळ्या शेपट्या ताठ उभ्या. कावळ्याने दोनदा मोजल्या.

सकाळी सिंह दरबारात गेला. सिंहासनावर बिबट्या. शेजारी मंजिरी.

"हे काय चाललंय?"

"काका, काल तुम्हीच दिलंत की," ससा म्हणाला. "आम्ही किती रडलो!"

"अरे, ते नाटक होतं!"

मग हत्ती पुढे आला. "म्हणजे आमचं रडणंही खोटं?"

"आमची थट्टा करता?" माकडे ओरडली.

सिंहाने राणीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "अहो, सुखी राहा असं तुम्हीच सांगितलंत ना? मी तुमचा शब्द मोडू?"

बिबट्याने मुकुट जरा सरळ केला.

सिंह धापा टाकत साळूबाईकडे गेला. "राजा परत येतो, असं लिही. आजच!"

"येतो की! दीडशे भागांनी. तोवर तो दरीत पडलाय, स्मृती गेलीय."

"हरकत नाही. आम्ही थांबू."

साळूबाईने नवा काटा उपटला. "तुम्ही कशाला थांबताय? परत येणाऱ्या राजाचं काम कोल्ह्याला दिलंय. लोक त्याला ओळखतात."

आता सिंह रोज शेवटच्या रांगेत बसतो. त्या गाजलेल्या भागाची क्षणचित्रे दाखवतात तेव्हा त्याच्याही डोळ्यांत पाणी येते.

"काका," ससा त्याला ढोसतो, "शेपटी वर करा ना."

तो करतो.

तात्पर्य : आपल्या माणसांवर विश्वास ठेवू नये, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. विश्वासघात करणाऱ्याला लोक सिंहासन देतात. आपले अश्रू वाया घालवणाऱ्याला मात्र क्षमा करत नाहीत. म्हणून मुलांनो, घात अवश्य करावा, पण उजेडात, सर्वांसमक्ष आणि लोकांना पोटभर रडवून. मी चुकत असेन. पण एकदा शेपट्या मोजून पाहा.