हकीकत, बोडीटोल्यास थोरला टीव्ही आला त्याची

श्री तळ्याची माउली प्रसन्न.

विदित व्हावे की, गोंडपिपरी तालुक्यात, मौजे बोडीटोला येथे, तळ्याच्या पाळीस म्हणजे बांधास लागून घर असलेले राजश्री मनसारामभाऊ यांचे येथे थोरला टीव्ही आला, त्या प्रकरणी पिठाच्या चक्कीवर नाना तऱ्हेच्या अफवा उठल्या. कोणी म्हणे लॉटरी लागली, कोणी म्हणे कारखान्याने बक्षीस दिला, आणि एका शहाण्याने तर तो भाड्याचा आहे ऐसेही बोलून दाखविले. तेव्हां खरी हकीकत कागदावर यावी आणि पुढील पिढ्यांचा गैरसमज न व्हावा, या हेतूने आम्ही लेखणी हाती धरली. आम्हांस कोणी तनखा बांधून दिलेला नाही. भाऊंच्या पत्नी कुंताबाई यांच्या हातची मासोळी मात्र वेळोवेळी पोटात गेली आहे, तेणेकरून त्यांच्या बाजूस अंमळ झुकते माप पडले तर वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

मनसारामभाऊंची कीर्ती काय वर्णावी! तळ्यात जाळे फेकावे तर यांनीच फेकावे, आणि हट्ट धरावा तोही यांनीच धरावा. त्यांस एकुलते एक चिरंजीव, नामे प्रफुल. बापाने मनी धरले होते की लेक जाळ्याच्या दौलतीवर बसेल, आणि लेकाने घुग्घुस प्रांती जाऊन सिमेंटच्या कारखान्याची चाकरी पत्करली. त्या समयी बापाने तोंड सोडले, लेकानेही बाकी ठेवले नाही, आणि उभयतांचे बोलणे बंद जाहले ते दोन पावसाळे बंदच राहिले. चिरंजीव सुटीच्या दिवशी मोटारसायकलीवरून धूळ खात घरी येत, बापाच्या पंगतीस जेवत, बापाच्याच खोलीत बसत, परंतु एकमेकांशी अक्षर बोलत नसत. सर्व राजकारण कुंताबाईंच्या मुखे चाले. "तुह्या पोराले सांग, भात घे म्हणा," ऐसे बाप फर्मावीत, आणि पोर हातभर अंतरावर बसून उत्तर करी, "बाबाले सांग, झालं माह्यं जेवन." मग बाईंनी ते वाक्य इकडून तिकडे पोचते करावे. ऐसी वकिलात भल्या भल्या दरबारी मुत्सद्द्यांच्याने निभावली नसती, आणि बाईंनी ती भाकरी थापता थापता निभावली.

त्या घरी एक जुना डबा टीव्ही होता. त्याच्या पडद्यावर सर्व माणसे कावीळ झाल्यासारखी दिसत, तरी आवाज खणखणीत होता, आणि तो चालू असे तोवर या घरात दोन माणसे मुकी आहेत हे झाकून जाई. श्रावणात वीज कडाडली आणि डबा जळून कामी आला. मग घरात जी शांतता पसरली ती कुंताबाईंस सोसवेना. पातेल्यात पळी फिरे तिचा आवाज येई, कौलावरून ठिबके त्याचा आवाज येई, आणि नवरा व लेक यांचा मात्र येईना. बाई बहुत कष्टी जाहल्या. शेजारी वारलूभाऊ म्हणून आहेत, त्यांपाशी बोलल्या, "घरात कोनी मेल्यावानी वाटून राह्यलं जी, भाऊ." वारलूभाऊ मासोळी विकणारे, छोटा हत्ती नामे चारचाकी वाहनाचे धनी, त्यांनी मान हलविली, आणि दुसरा इलाज न सुचल्यामुळे तंबाखू मळली.

तेव्हां नवा टीव्ही घ्यावा ऐसी मसलत ठरली, आणि तेथेच युद्धाचे बीज पडले. चिरंजीवांनी आईच्या मुखे जाहीर केले की, घेणे तर भिंतभर घेणे, उत्तमातला उत्तम घेणे, दाम आपण भरू. बापाने त्याच मुखे उलट हुकूम केला की, टीव्ही घेणे तर लहान, हलक्या किमतीचा, तळ्याच्या कमाईत बसेल ऐसा घेणे. सिमेंटाचा थाट आपल्या भिंतीवर नको. लेकाने कळविले की, लहान टीव्ही आला तर आपण सुटीस घुग्घुसासच मुक्काम करू. बापाने कळविले की, मोठा आला तर आपण पाळीवर जाऊन बसू, घरात पाय ठेवणे तो जेवणापुरता. दोन्ही खबरी बाईंनीच पोचविल्या. मोठा घ्यावा तर नवरा उठून जातो, लहान घ्यावा तर लेक येत नाही, आणि एकट्या बाईंनी टीव्ही पाहावा तर तो काय कामाचा? टीव्हीचे त्यांस काडीचे पडले नव्हते. दोघे एका छपराखाली बसावे, एवढेच त्यांचे आर्जव होते, आणि तेच कोणी विचारीत नव्हते.

मग सुटीचा दिवस पाहून मोहीम निघाली. वारलूभाऊंनी छोटा हत्ती सज्ज केला, मासोळीचे खोके उतरविले, दोन बादल्या पाणी मारिले, तरी वास राहिला तो राहिलाच. पुढे वारलूभाऊंच्या शेजारी मनसारामभाऊ छत्री घेऊन बसले, मागे हौद्यात कुंताबाई बसल्या, आणि चिरंजीव मोटारसायकलीवरून पिछाडी सांभाळीत निघाले. रस्त्यात खड्डे ऐसे की पावसाळ्यात त्यांत बेडकांनी संसार थाटले होते. सोयाबीनची शेते मागे टाकीत, ट्रकांस वाट देत, फौज गोंडपिपरीच्या बाजारात दाखल जाहली.

तेथे एका दुकानी टीव्हींचा मोठा दरबार भरला होता. कारभार पाहणारी साधना नामे मुलगी मोठी हुशार व गोड जिभेची. तिने सर्वांस पाणी पाजिले आणि थोरल्या टीव्हीपुढे नेऊन उभे केले. काय तो पडदा! दारापेक्षा रुंद, तळ्यासारखा चकाकता. तिने वर्णन केले की यात काळा रंग खरोखरचा काळा दिसतो. मनसारामभाऊंनी कुंताबाईंकडे पाहून पृच्छा केली की, काळा रंग दुसरा कसा दिसत असतो, आणि तो दिसावा म्हणून जादा दाम काऊन द्यावे? साधनेने हसून रिमोट दाबिला. इतक्यात पडद्यावर समुद्रातली निळीपिवळी मासोळी पोहत आली, तिचा खवला न खवला दिसू लागला, आणि मनसारामभाऊ नकळत दोन पावले पुढे सरले. लेकाने ते टिपले. बापाने लेकाने टिपले हे टिपले, आणि तत्काळ तोंड कडू करून बोलले, "त्याले सांग, हे मासोळी खायच्या कामाची नाई."

लेक गरजला, "बाबाले सांग, टीव्ही खायले नाई घेऊन राह्यलो."

शेजारीच लहान टीव्ही होता. बापुडा एका कोपऱ्यात बातम्या दाखवीत होता. मनसारामभाऊंनी त्याची तारीफ आरंभिली, लेकाने निंदा आरंभिली, आणि बाई मध्ये उभ्या राहून एकाची तारीफ दुसऱ्यास व दुसऱ्याची निंदा पहिल्यास पोचवू लागल्या. पंखे पाहण्यास आलेले गिऱ्हाईक पंखे सोडून हा तमाशा पाहू लागले. ऐसे पुष्कळ वेळ चालले. मग बाई एकाएकी थांबल्या, पदर खोचला, आणि दोन पावसाळे दुसऱ्यांची वाक्ये वाहणाऱ्या त्या मुखातून उभयतांपुढे प्रथमच त्यांचे स्वतःचे वाक्य बाहेर पडले.

"बस झालं! तुमी दोघं माह्या तोंडानं बोलता, माह्यं तोंड दुखून राह्यलं. आता हिस्से पाडा. तळ्यावर पाडता तसे."

हे ऐकताच बाप व लेक दोघांचेही चेहरे उतरले. कारण सांगतो. तळ्यावर मोठी मासेमारी होते तेव्हां पाळीवर मासोळीचे ढीग लावितात, आणि वाटणीचा कायदा ऐसा आहे की, एकाने ढिगांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करावे, दुसऱ्याने एका ढिगास काठी लावून पुसावे, "हा कोनाचा?" आणि पाठमोऱ्याने न पाहता नाव घ्यावे. नाव पडले की तो ढीग त्याचा, मग त्यात बोटाएवढी मासोळी असो की हातभर. पुसणारा आणि सांगणारा यांनी स्वमुखे बोलावे. तिसऱ्याने तोंड घातले तर सर्व ढीग मोडून नव्याने लावावे. या कामी प्रफुल लहान असल्यापासून ढिगांकडे पाठ करून उभा राहत आला, कारण लेकरू खोटे बोलत नाही, आणि पुसणारे नेहमी मनसारामभाऊच असत. म्हणजे बाईंनी काय केले हे वाचणारांच्या ध्यानी आलेच असेल. पुढचा मामला त्यांनी स्वमुखे उलगडला की, ज्यास "घराचा" म्हणाल तो घरी यावा, उरेल तो दुकानाचा, आणि मी तोंड उघडणार नाही.

कायद्यास नाही म्हणणे दोघांच्याही हाती नव्हते. चिरंजीव वळले आणि दुकानाच्या काचेकडे तोंड करून रस्त्यावरचा मालट्रक पाहत उभे राहिले. पाठीचा कणा ताठ, कान लाल. मनसारामभाऊ छत्री घेऊन दोन टीव्हींच्या मध्ये आले. त्यांनी लहानाकडे पाहिले, मोठ्याकडे पाहिले, मग लेकाच्या पाठीकडे पाहिले. ती पाठ फार रुंद झाली होती, आणि दोन पावसाळ्यांत त्यांनी ती नीट पाहिली नव्हती. बाईंनी स्वतःच्या ओठांवर पदर दाबून धरिला, कारण मदतीस जावे ऐसे त्यांस फार वाटत होते. शेवटी छत्रीचे टोक एका टीव्हीवर टेकले, आणि राजश्रींनी मुख उघडले.

"हा... कोनाचा?"

पाठीमागून आलेला तो आवाज ऐकून चिरंजीवांचा खांदा हलला. मनी म्हणे, बाप आधी लहानच दाखविणार, त्याचा हट्ट आपणास ठाऊक. असो, घेऊ दे त्यास. आणि बोलले, "घराचा."

वळून पाहतो तो छत्री थोरल्यावर.

वारलूभाऊंचे म्हणणे की ओल्या फरशीवर छत्री घसरली. आम्ही हे मानीत नाही. आम्ही चौकशी केली आहे, फरशी कोरडी होती.

"बाबा!" चिरंजीव ओरडले. "तुमी हा काऊन दाखवला? मी लहान समजून बोल्लो ना!"

"अन मी तुले पायजे म्हून दाखवला!"

"मले नाई पायजे आता. लहानच घेऊ."

"हिस्सा पडला. आता तळ्याचा कायदा मोडतं काय?"

आणि मग जे तुंबळ माजले त्यास तोड नाही. बाप थोरल्याच्या बाजूने लढू लागला, लेक लहानाच्या बाजूने. दोन्ही फौजांनी आपापले झेंडे अदलाबदल केले, परंतु लढाईचा जोर तसूभर कमी जाहला नाही. भांडण टीव्हीवरून कारखान्यावर गेले, कारखान्यावरून जाळ्यावर गेले, आणि जाळे फेकताना बापाचा हात आताशा दुखतो हे प्रथमच बाहेर आले. "मायले सांगून धाडाचं होतं ना, हात दुखते म्हून," लेक म्हणाला, आणि बाप म्हणाला, "तुले काय सांगाव, तू तोंड पाह्यलं काय माह्यं?" मधल्या माणसास कोणी हाक मारीना. कुंताबाई फ्रिजच्या रांगेत एका स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांस पदर लावून रडल्या, व साधनेने त्यांस पुन्हा पाणी पाजिले.

कायदा तो कायदा, थोरला टीव्ही छोट्या हत्तीवर चढला. या वेळी मनसारामभाऊ पुढे बसले नाहीत, चिरंजीवांनी मोटारसायकल दुकानापाशीच ठेविली, आणि उभयता हौद्यात खोक्यास दोन बाजूंनी धरून, नीट धरीत नाहीस म्हणून एकमेकांस दटावीत, बोडीटोल्यापर्यंत आले. घरी येऊन पाहतात तो भिंत मातीची. खिळा ठोकावा तर पोपडा पडतो. मग मासोळीच्या रिकाम्या क्रेटी उलट्या घालून त्यांवर चादर पसरली, आणि चंद्रपुरी लग्नात नवरदेव बसवितात तैसा टीव्ही तख्तनशीन केला. सर्व गाव दारात लोटला.

येणेप्रमाणे ही मोहीम सिद्धीस गेली. फत्ते कोणाची म्हणावी, या विषयी चक्कीवर अद्याप वाद आहे. कित्येक थोरल्या टीव्हीची म्हणतात, कित्येक प्रफुलची. शेवटपर्यंत आम्ही दारात साक्षीस होतो, सबब आम्ही ती कुंताबाईंच्या नावे रुजू केली आहे. कारण गाव पांगल्यावर घरात थोरला टीव्ही मोठ्याने चालू होता, आणि त्यापुढे बाप व लेक मांडीस मांडी लावून, क्रेटी उजवीकडे सरकवाव्या की डावीकडे, या कारणावरून मोठमोठ्याने भांडत होते. बाईंनी थोडा वेळ कान दिला, परंतु टीव्हीच्या आवाजापुढे दोघांचे शब्द नीट ऐकू येईनात. मग त्यांनी रिमोट उचलून तो टीव्ही बंद केला, आणि भिंतीस टेकून ऐकत बसल्या.