कपाटातला घरघऱ्या

‘आवाज कितीही बारीक असो, माझ्यापासून सुटत नाही. हे कान नव्हेत, टाकलेली दोन जाळी आहेत. आणि बुद्धीचं म्हणाल, तर एका घरात वाटायची होती तेवढी सगळी एकट्या माझ्याच वाट्याला आली आहे.’

हे वर्णन गुप्तहेरांनी स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतलंय. गुप्तहेर म्हणजे माझा नवरा. एरवी तो एका कचेरीत टपालाची नोंद करतो. मी त्याची सहायक. म्हणजे मी विजेरी धरते, स्क्रू वाटीत सांभाळते आणि उरलेल्या वेळात आमच्या दीड वर्षाच्या ठमीची आई असते. ती पहाटे रडायला लागली, की ही दोन जाळी नेमकी वाळत घातलेली असतात.

प्रकरण असं. टीव्हीखालच्या कपाटात एक कॉम्प्युटर आहे. खास सिनेमे बघायला म्हणून गुप्तहेरांनी तो स्वतःच्या हातांनी जुळवलाय. त्याच खोलीत ठमी दुपारी दोन तास झोपते. ती झाल्यापासून मी एकही चित्रपट पुरता पाहिलेला नाही. मला चौदा खून ठाऊक आहेत, खुनी एकही नाही. सोमवारपासून मी पुन्हा कामावर जाणार होते. म्हणून ठरलं होतं, की रविवारी दुपारी एक चित्रपट, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत.

आणि तीन आठवड्यांपासून तो कॉम्प्युटर सुरू केला, की दहाव्या मिनिटाला त्याचा पंखा घरघरायला लागायचा. अकराव्या मिनिटाला ठमी उठून बसायची.

“घरघऱ्या!” गुप्तहेरांनी गुन्हेगाराचं बारसं केलं. “याला मी पकडणार.”

“तीन आठवड्यांपूर्वी तू काय केलं होतंस?” मी विचारलं.

“काही नाही. ठमी कपाट सारखी उघडते म्हणून दाराला खटका बसवला. त्याचा इथे काय संबंध? सहायकाने विषय भरकटवू नये.”

दीड वर्ष न झोपलेलं माझं डोकं म्हणालं, बरोबर, काय संबंध?

पहिला तर्क : पंखा लहान आहे, म्हणून धावपळ करतो. मोठा बसवला. तो भारदस्त आवाजात घरघरला. दुसरा तर्क : थरथर कपाटाच्या लाकडात उतरते. कॉम्प्युटरच्या पायांखाली रबरी चकत्या आल्या. उरलेल्या दोन ठमीच्या तोंडातून काढाव्या लागल्या. तिसरा तर्क : आवाज मुळात बाहेर येतोच कशाला? शनिवारभर खपून त्याने कपाटाला आतून जाड स्पंजचं अस्तर लावलं. एक फट म्हणून ठेवली नाही. त्यावर घरघऱ्याने विमान व्हायचं ठरवलं.

“चिडलाय,” गुप्तहेर समाधानाने म्हणाले. “म्हणजे आपण जवळ पोचलोय.”

रविवारी दुपारी ठमी झोपली. चित्रपट लागला, खून पडला, घरघर सुरू झाली, ठमी उठली. मी तिला मांडीवर घेऊन बसले. गुप्तहेरांनी खटका काढून दार उघडलं आणि आत डोकं घातलं. दोन मिनिटांत घरघर थांबली. त्यांनी दार लावलं, ती परत आली. उघडलं, थांबली. लावलं, आली. असं सहा वेळा झालं. ठमी टक लावून बघत होती.

सातव्यांदा गुप्तहेर ताठ उभे राहिले. चेहऱ्यावर तेज आलं होतं. “लक्षात आलं? मी समोर आलो, की तो गप्प बसतो. मी गेलो, की सुरू होतो. सरळ आहे. तो मला ओळखतो.”

“पंखा?”

“घाबरतो मला. आता वेषांतर करावं लागणार.”

ते आतल्या खोलीत गेले. मागोमाग सासूबाईंचा आवाज आला, “माझी शाल कुठे नेतोस रे? त्या खोक्याला थंडी वाजतेय का?”

“वेषांतर आहे, आई.”

“मग तोंड बदल. शाल ठेव.”

एवढ्यात ठमी मांडीवरून घसरली. कपाटापाशी गेली. तिच्यासाठी म्हणून लावलेला तो खटका तिने एका बोटाने उघडला. दार आपोआप मिटायला लागलं, तशी ती फतकल मारून मधेच बसली. दार तिच्या पाठीला टेकून उघडं राहिलं. आतली कोंडलेली गरम हवा फुस्सकन बाहेर आली. पंखा दमला, मंदावला, गप्प झाला. एक मिनिट झालं, पाच झाली. गप्पच.

शाल पांघरलेले, काळा चष्मा लावलेले गुप्तहेर खोलीच्या दारात थबकले.

“त्याला गरम होत होतं,” मी म्हणाले. “पूर्वी दाराला फट राहायची. आपण खटका लावून त्याला कोंडलं, वर स्पंजची गादी घातली.”

“ही शक्यता माझ्या यादीत होती,” ते म्हणाले. “सोपी म्हणून मी ती वगळली होती.”

पाठीला लागणाऱ्या उबेने ठमी पेंगायला लागली होती. तिला उचलावं, तर दार मिटणार. मी गुप्तहेरांना त्यांच्या कारकिर्दीतली पहिली योग्य कामगिरी दिली. खाली बस, पाठ दाराला लाव, मुलीला मांडीवर घे, हलू नकोस, बोलू नकोस. टीव्ही बरोबर त्याच्या डोक्यावर आला. पडद्यावरचं काहीही दिसणार नाही, अशी घरातली ती एकमेव जागा होती. मी चित्रपट पुन्हा पहिल्या पाटीपासून लावला. त्याने ठमीच्या पायांवर शाल ओढली आणि खरंच दोन तास हलला नाही.

बोलला मात्र. दर दहा मिनिटांनी ओठ हलवून मला खुनी सांगत राहिला. मी दर वेळी मान हलवत होते. शेवटच्या पाटीतलं शेवटचं नाव वर सरकून गेलं, तोवर त्याचे सात संशयित झाले होते.

चित्रपटात माणसं सहाच होती.