होल्याच्या कॅसेटमधली गडबड

वायर खुपसलेली होती, कॅसेट फिरत होती, पडद्यावर हिरवी रेघही उमटत होती. पण रेघ होती ती अगदी सरळ. आवाजाचा पत्ता नव्हता. विर्योनोंनी वायर उपसली, तिच्या टोकावर फुंकर मारली, लुंगीला पुसली आणि पुन्हा त्याच भोकात घातली. रेघ सरळच राहिली.

"पाक विर्यो, गुलाबी भोकात घाला," कुंपणापलीकडून गितो म्हणाला. "हिरव्यातून आवाज बाहेर येतो. आत जात नाही."

"माहीत आहे मला," विर्योनो म्हणाले आणि त्याचं लक्ष नाही असं बघून वायर गुलाबी भोकात घातली.

जावा बेटावरच्या सोलोमधल्या त्या गल्लीत सगळे त्यांना आदरानं पाक विर्यो म्हणत. बातिकच्या कारखान्यात रंगखात्याचे मुकादम म्हणून त्यांचा जन्म गेला. निळ्यात कापड किती वेळा बुडवायचं हे त्यांना कोणीही विचारावं, पण कॉम्प्युटरपुढे बसले की त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा. गितोचं तसं नव्हतं. लग्नाकार्यात एकट्यानं ऑर्गन वाजवून त्यानं संसार चालवला होता, आणि गुडघे गेल्यापासून तो घरच्या कॉम्प्युटरवर गाणी जोडत बसायचा. त्यामुळे त्या विषयातलं आपल्याला सगळं समजतं अशी त्याची समजूत होती, आणि ती निम्मी तरी खरी होती.

या वयात विर्योनोंना हा उद्योग सुचला तो मुलीमुळे. त्यांची बायको मुर्तिनी जाऊन आता हजार दिवस होत आले होते. हजाराव्या दिवशी आप्तशेजारी जमतात, दुवा होते, जेवणं होतात आणि तिथं संपतं. त्यानंतर गेलेल्या माणसाच्या नावानं घरात चूल पेटत नाही. रेत्नो सुराबायाहून फोनवर म्हणाली होती, "बाबा, त्या दिवशी मला आईचा आवाज ऐकायचाय. माझी धाकटी विचारते, आजी कशी बोलायची. मी काय सांगू?"

मुर्तिनींचे फोटो ढीगभर होते. फोनवर चित्रणंही होती, पण सगळ्यांत त्या पाठमोऱ्या, नाहीतर ताट वाढताना, आणि तोंडातून शब्द नाही. कोणी फोन समोर धरला की त्या ओठ मिटून घ्यायच्या. ही सवय त्यांना कोणी लावली, हे विर्योनोंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच लावली होती.

विर्योनोंचा जीव पक्ष्यांवर. तरुणपणी त्यांच्याकडे एक होला होता, ग्लुदुग नावाचा. त्याचं घुमणं ऐकायला लोक सायकली थांबवायचे. होल्यांच्या स्पर्धेला पाठवायला म्हणून त्यांनी बाहेरच्या ओट्यावर टेप ठेवून त्याचा आवाज भरून घेतला होता. पण स्वयंपाकघर ओट्याला लागून. मुर्तिनी सोयाबीनचं तेम्पे तळताना गुणगुणायच्या. शब्द नसायचे, स्वतःच केव्हातरी जुळवलेली एक चाल होती, वर जाता जाता मध्येच वळणारी. होला घुमायचा, थांबायचा, आणि नेमक्या त्या शांततेत ही चाल यायची. मग टेपजवळ बसलेले विर्योनो म्हणायचे, "शूऽऽ." चाल बंद. पुन्हा होला, पुन्हा चाल, पुन्हा शूऽऽ. कॅसेटची अख्खी बाजू अशी होती. स्पर्धेला ती कधी पाठवलीच नाही. आठ दिवस त्यांनी बायकोशी अबोला धरला होता, आणि ती नासकी कॅसेट टाकून देणंही जिवावर आलं म्हणून कपाटावर भिरकावली होती.

आता जगात मुर्तिनींचा आवाज तेवढ्या कॅसेटवर उरला होता. रेत्नोनं मागं ठेवलेल्या कॉम्प्युटरवर ती चढवायची, त्यातला होला काढून टाकायचा आणि नुसती मुर्तिनी ठेवायची, असं ठरलं.

गुलाबी भोकानं आवाज आत घेतला, पण सोबत पिठाच्या गिरणीसारखी घरघरही घेतली. गितोनं कुंपणावरून निदान केलं की पंखा, फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच ठिकाणी जोडल्यावर दुसरं काय होणार. फ्रिज बंद केला. घरघर गेली, मासळी नासली. मग टेपमधला जुना पट्टा ढिला पडला. विर्योनोंनी भाताच्या पुडक्याचं रबर त्याजागी बसवलं. रबर सैल निघालं. होला घुबडासारखा घुमायला लागला आणि मुर्तिनी सर्दी झालेल्या मौलवीसारख्या. दोन रबरं लावली तर मुर्तिनी उंदरासारख्या चिरकायला लागल्या. अखेर दीड रबर, म्हणजे एकाला गाठ मारून, बरोबर बसलं. तेवढ्यात कॉम्प्युटर म्हणाला टिंग, आणि नवं काहीतरी स्वतःत भरून घ्यायला लागला. दुपारभर तो भरत राहिला. संध्याकाळी उठला तेव्हा त्याला गुलाबी भोक ओळखीचं वाटेना.

प्रत्येक वेळी कॅसेट मागं नेऊन पहिल्यापासून लावावी लागायची. महिनाभर त्या घरात सकाळ-दुपार तेच चाललं होतं: होला, चाल, शूऽऽ.

या सगळ्याचा सर्वांत मोठा ताप झाला तो मैनेला. मागच्या ईदेला रेत्नोनं बापाला सोबत म्हणून डोंगरी मैनेचं पिल्लू आणून दिलं होतं. मैना बोलते म्हणतात. ही ढिम्म बोलत नव्हती. पपई खायची, घाण करायची आणि बघत बसायची. गितो तिला "सरकारी नोकर" म्हणायचा. टेप लागली की ती पिंजऱ्यात धडपडायची, म्हणून विर्योनोंनी पिंजरा कॉम्प्युटरजवळ घेऊन त्यावर मुर्तिनींची जुनी बातिकची लुंगी टाकली. मैना अंधारात गप्प बसली. तेवढाच एक प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं.

एकदाची सगळी बाजू नीट चढली, आणि शेवटच्या शूऽऽबरोबर कॅसेटची फीत टेपात गुंतून तुटली. विर्योनो आतडी उपसावीत तशी ती उपसत बसले. गितो काठी टेकत आला आणि म्हणाला, "मशीनच्या पोटात गेलं ना सगळं? मग आता त्या फितीचं काय लोणचं घालणार? माझा मेहुणा नेईल. भातावर चिमण्या बसायला लागल्यात." शेतावर ताणलेली फीत वाऱ्यानं चमकते, फरफरते आणि चिमण्या पळतात. मेहुणा आला आणि सगळी भेंडोळी सायकलला अडकवून घेऊन गेला.

उरलं होतं ते फक्त होल्याला काढणं. गितोनं त्यासाठी एक प्रोग्राम टाकून दिला होता. गुडघे दुखत होते म्हणून तो कुंपणाशीच खुर्ची टाकून बसला आणि तिथून सूचना देऊ लागला.

"पाक विर्यो, सोपं आहे. आधी मशीनला गडबड कुठली ते शिकवायचं. जिथं नुसती गडबड आहे, बाकी काही नाही, असा एक तुकडा निवडा."

नुसती गडबड असलेला तुकडा विर्योनोंना झोपेतही सापडला असता. तिसऱ्या घुमण्यानंतर होला बराच वेळ थांबतो आणि मुर्तिनींची चाल एकटीच, लांबच लांब चालते. त्याच जागेनं त्यांची स्पर्धा बुडवली होती. किती वर्षं त्या जागेवर ते दात-ओठ खात आले होते. हात आपोआप तिथं गेला. तुकडा निळा झाला.

"सापडली गडबड?"

"सापडली."

"आता सांगा त्याला, सगळीकडची काढून टाक म्हणून. झालं की ते दाबा, मग साठवा. मशीन विचारेल, जुन्यावरच साठवू का. हो म्हणा, नाहीतर दोन-दोन होऊन घोळ होतो."

विर्योनोंनी हो म्हटलं. कॉम्प्युटर टिंग म्हणाला. त्यांनी प्रोग्राम बंद केला, मनासारखं काम झाल्यावर करायचे तसा घसा खाकरला आणि आवाज लावला.

ग्लुदुग घुमला. असा स्वच्छ, असा भरदार, की स्पर्धेच्या परीक्षकांनी उठून उभं राहावं. मग शांतता. तव्याचा चरचर आवाज नाही, चाल नाही, काही नाही. आणि त्या शांततेत एक तरणा पुरुष कोणालाही उद्देशून नसलेलं "शूऽऽ" म्हणाला. पुन्हा होला. पुन्हा शांतता. पुन्हा शूऽऽ.

विर्योनोंना काय झालं ते लगेच समजलं, पण ते शेवटपर्यंत ऐकत बसले. जन्मभर हवी होती तशी कॅसेट आज मिळाली होती.

"निघाली का हो गडबड?" गितोनं विचारलं.

"निघाली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून गितो गुडघे विसरून कुंपणाच्या फटीतून आत आला. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली. जुनं काही कुठं उरलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "पण तुम्ही वहिनींना निवडलंत तरी कसं?"

"तू म्हणालास, नुसती गडबड."



दुसऱ्या दिवशी विर्योनो सायकलवरून गितोच्या मेहुण्याच्या शेतावर गेले. बांधाबांधानं बांबू रोवले होते आणि त्यांच्यामधून तपकिरी फीत ताणलेली होती, काही ठिकाणी चिखलात, काही ठिकाणी तुकडे होऊन. मेहुण्यानं फितीचं फार कौतुक केलं. आजवरच्या सगळ्या फितींत हीच चांगली, चिमण्या फिरकतसुद्धा नाहीत, असं सांगितलं. विर्योनो बांधावर उभे राहून ऐकत होते. वारा आला की फीत गुणगुणल्यासारखी वाजायची. त्यांनी कान देऊन ऐकलं, पण ती काही मुर्तिनींची चाल नव्हती. ते तसेच परत आले.

हजाराव्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या. तांदळाच्या आपेमच्या चळती लागल्या, भाताचा शंकू उभा राहिला, दुवा झाली. रेत्नो सकाळपासून बापाच्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायचं असं विर्योनोंनी रोज ठरवलं होतं आणि रोज उद्यावर टाकलं होतं. कोणीतरी खिडकीतून हात घालून पिंजऱ्यावरची लुंगी काढली, कारण धाकट्या नातीला मैना बघायची होती. जेवणापूर्वी रेत्नो सगळ्यांना म्हणाली, "थांबा हं जरा. बाबांनी आईचा आवाज काढलाय."

मंडळी गप्प झाली. विर्योनो कॉम्प्युटरपाशी गेले. "रेत्नो, त्याचं असं झालं..." त्यांनी सुरुवात केली, पण ऐकलं की तिचं तिलाच समजेल अशा भ्याड विचारानं त्यांनी बटण दाबलं.

होला घुमला. पाहुण्यांनी कौतुकानं माना हलवल्या. होला थांबला. शांतता पसरली, आणि विर्योनोंनी डोळे मिटून घेतले.

त्या शांततेत मुर्तिनी गुणगुणायला लागल्या.

तीच चाल, वर जाता जाता मध्येच वळणारी, थोडी घोगरी, तेम्पे उलटताना घेतलेल्या श्वासासकट. रेत्नोनं तोंडावर हात घेतला. गितो कॉम्प्युटरकडे बघत राहिला, कारण पडद्यावरची हिरवी रेघ सरळ होती. मग त्यानं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. मैना मान तिरकी करून, गळा फुगवून, होल्यानं सोडलेली जागा भरत होती.

"झाकलेला पिंजरा, महिनाभर तीच कॅसेट," गितो पुटपुटला. "अहो, पिल्लाला गाणं शिकवायला गावभर लोक हेच करतात. आणि आपण दोघं मशीनला शिकवत बसलो."

पण विर्योनोंचं तिकडं लक्ष नव्हतं. कॅसेट त्यांना पाठ होती. आता काय येणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते येऊ द्यायचं नव्हतं. निदान आज, सगळ्यांसमोर, त्यांना तिला गप्प करायचं नव्हतं. बटण कुठलं ते आठवेना, म्हणून ते खाली वाकले आणि त्यांनी भिंतीतली वायरच उपटली. पडदा काळा झाला. मैना गात राहिली. चाल वर चढली, वळली, कॅसेटवर नेहमी तुटायची त्या जागेशी आली, आणि तिथं मैना थांबली. मग बरोबर वेळेवर, विर्योनोंच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात, ती म्हणाली, "शूऽऽ."

सतरंज्यांवर हसण्याचा लोट उठला. म्हाताऱ्या शेजारणी एकमेकींना चिमटे काढत हसल्या, कारण हे त्यांनी कुंपणापलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. रेत्नो हसता हसता रडायला लागली. "बाबा, तुमचाच आवाज आहे हो," ती म्हणाली. विर्योनो वायरचं टोक हातात धरून उभे होते. तेही हसले. हसायलाच हवं होतं.

पाहुणे गेले, रेत्नो सुराबायाला परत गेली. आता ते सकाळी पपईच्या फोडी घेऊन पिंजऱ्यापाशी बसतात. मैना गुणगुणते, वळणापर्यंत येते आणि स्वतःलाच गप्प करते. तिची ती खोड मोडावी म्हणून विर्योनोंनी नाना उपाय केले. नवं शिकलं तर जुनं विसरेल, असं गितोचं म्हणणं. म्हणून ते रोज तिच्यापुढे तोंड नेऊन, कोणी ऐकत नाही ना ते बघून, तेच तेच म्हणतात.

"गा, मुर्ती. खुशाल गा. कोणी काही म्हणत नाही."

मैना पपई गिळते, मान तिरकी करून त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "शूऽऽ."