ॲनवाले सर

आमच्या निलंग्यात लग्नाची पत्रिका तपासून परत देणारा माणूस एकच. आमचे शेजारी, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, स्वामी सर. गाव त्यांना 'ॲनवाले सर' म्हणतं.

मागच्या गल्लीतल्या बिराजदारांनी थोरल्याच्या लग्नाची पत्रिका हौसेनं इंग्रजीत छापली. तीत 'ॲन युनिक वेडिंग' असं होतं. सर लग्नाला आले, जिलेबी मागून घेतली आणि 'ॲन'चा लाल पेनानं 'अ' केलेली पत्रिका आहेराच्या पाकिटात घालून गेले. बिराजदार तणतणत दारात आले.

"सर, लग्न लागलं की हो! आता कशाला?"

"धाकट्याच्या टायमाला ध्यानात असू द्या," सर म्हणाले.

"अक्षर बघून फसू नका" हे त्यांचं पालुपद. "युनिक म्हणताना आधी 'य' ऐकू येतो, म्हणून अ. अंब्रेला स्वरानं सुरू होतो, म्हणून ॲन. डोळे मिटा, कान उघडा!" फळवाली रझियाबी तर सर लांबून दिसले, की "ॲन ऑरेंज, सर!" असं ओरडून मोकळी होते, मग गाड्यावर नुसती केळी का असेनात.

सरांना बिनधास्त हसणारं माणूस एकच, त्यांच्या बायको शांताकाकू. सरांच्या शिकवण्या त्यांनी भाकरी थापता थापता ऐकलेल्या. बोलण्याच्या भरात सर घसरले, की आतून आवाज यायचा, "मास्तर, ॲन!" आणि वर मोठ्ठं हसू. सर भयंकर चिडायचे. दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायू झाला आणि तो आवाज बंद पडला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, वाचा येईलही. त्यांच्याशी बोलत राहा.

परवा मी धपाटे घेऊन गेले. काकू खाटेवर, भिंतीकडे बघत पडलेल्या. सर समोर छत्री धरून उभे.

"शांता, धिस इज अ अंब्रेला."

ताट माझ्या हातून पडायचंच राहिलं. "अहो सर, ॲन!"

"तू गप बस की, बाई!" सर खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "रोज चुकायलोय मी. तिला म्हणू दे."

सर खाटेशी वाकले. "अ अंब्रेला," पुन्हा म्हणाले आणि डोळे मिटून कान काकूंच्या तोंडाशी नेला.

काकूंचे ओठ वाकडे हलले. "मा... मास्तर... ॲन."

सरांनी डोळे उघडलेच नाहीत.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं न्हाई."