पंगतीतला सर्वांत कनिष्ठ

कॅडेट लोकबीर रोकाया याच्या नावापुढे सुटीच्या वहीत सलग पाच शनिवार एकच मजकूर होता : ‘भक्तपूरला गेलो. दही खाल्ले. परत आलो.’ कॅप्टन पुडासैनींनी तो पाचही वेळा मोठ्याने वाचला, आणि दर वेळी अधिकाधिक दुःखाने.

"हे काय आहे, रोकाया?"

"फुरसत, सर."

"ही फुरसत नाही. ही दह्याची हजेरी आहे." कॅप्टनांनी वही मिटली. "कार्की गिटार शिकतोय. गुरुङ भिंतीवर चढतो. राई पोहायला जातो. तू काय करतोस?"

"चालतो, सर."

"चालणं हे तुझं काम आहे. ज्याला स्वतःचे चार तास सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती मी तीस माणसं कशी देऊ? या शनिवारी त्या शहरात काहीतरी शोध. नाहीतर पुढचे सगळे शनिवार शस्त्रागारात बंदुका पुसायच्या. आणि परत यायला पाच म्हणजे पाच. एक मिनिट उशीर झाला तरी बंदुकाच. कळलं?"

"कळलं, सर!"

काहीच कळले नव्हते. लोकबीर दूरच्या डोंगरातल्या जुम्ल्याचा. तिथे फुरसत बर्फासारखी वरून पडत असे. माणसाने फक्त दार लावून चुलीपाशी बसायचे. ती शोधायला बाहेर पडावे लागते, ही गोष्ट त्याला इथे येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. चार महिन्यांत या शहराने त्याच्याशी एकच वाक्य उच्चारले होते, तेही दहीवालीच्या तोंडून : "नेहमीचंच?" त्या एका शब्दासाठी तो दर आठवड्याला टेकडी उतरत असे, हे वहीत लिहिण्याजोगे नव्हते. शनिवार गेला असता, तर तो शब्दही गेला असता.

शनिवारी तो दुपारी एकला फाटकाबाहेर पडला. अंगात सैनिकी अकादमीने ठरवून दिलेला बाहेरचा वेश : काळा कोट, टाय, डोक्यावर काळी टोपी. वाचनालयाला कुलूप होते. ज्या दिवशी साऱ्या देशाला सुटी, त्या दिवशी सुटी घालवण्याच्या जागांनाही सुटी. कुंभारांच्या चौकात एका कुंभाराने त्याला चाकावर बसू दिले. लोकबीरने मातीच्या गोळ्याला दोन्ही हातांनी अशी मगरमिठी घातली, की गोळ्याने चाक सोडून शेजारच्या भिंतीचा आश्रय घेतला.

"हळू, बाबू, हळू!" कुंभार ओरडला. "माती आहे ती, शत्रू नाही!"

हात धुऊन तो पुढे निघाला, तेव्हा एका गल्लीत त्याला ती रांग दिसली. दहा-बारा माणसे, काळे कोट, काळ्या टोप्या, एकामागे एक. रांग कशाची आहे, हा विचार लोकबीरच्या मनात आलाच नाही. चार महिन्यांत त्याने जेवणासाठी, सुईसाठी, केस कापण्यासाठी आणि पत्रांसाठी एवढ्या रांगा लावल्या होत्या, की रांग दिसली की पाय आपोआप तिच्या शेवटी जात. तसे ते गेले. पुढच्या माणसापासून एक हात अंतर मोजून तो ताठ उभा राहिला.

पुढच्या माणसाने वळून पाहिले. त्याचे नाव पंचलाल. "आलास? किती उशीर! नानीमैयाच्या बहिणीचा ना तू? बनेपाचा?"

लोकबीर उत्तर जुळवत होता, तोवर पंचलालने त्याच्या हातात झांजा कोंबल्या. "धर. येतं ना वाजवायला?"

अकादमीत ‘येतं ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते. ते लोकबीरच्या तोंडून सुटले.

"येतं, सर!"

"सर काय म्हणतोस, दाइ म्हण. थोरला भाऊ आहे मी."

"येतं, दाइ!"

ढोल घुमले. ती टोळातल्या, म्हणजे त्या वस्तीतल्या, भजनीमंडळाची वर्षाची मिरवणूक होती. ढोल झांजांच्या मागे जातात आणि माणसे ढोलांच्या मागे, अशी तिथली रीत. आणि त्या दिवशी झांजा अशा माणसाच्या हाती होत्या ज्याला एकच ताल ठाऊक होता. डावा पाय, झण्. डावा पाय, झण्. मिनिटाला एकशेवीस पावले. पहिल्या वळणापर्यंत म्हातारे गोंधळले, दुसऱ्या वळणावर त्यांचे खांदे आपोआप मागे गेले, आणि तिसऱ्या वळणावर सारे मंडळ संचलन करू लागले. दरवर्षी खिडक्यांतल्या बायका मिरवणुकीवर फुले टाकत. या वर्षी फुले खाली पोचली, तेव्हा मिरवणूक पुढच्या चौकात होती.

एरवी दोन तासांची वाट पस्तीस मिनिटांत सरली. सर्वांत पुढे चालणारे थकाली, म्हणजे मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, आशाकाजी आजोबा, वय त्र्याऐंशी, देवळाच्या पायरीवर टेकले.

"सत्याहत्तर वर्षं या रांगेत चालतोय," ते धापा टाकत म्हणाले. "वेळेवर पोचलो ते आज पहिल्यांदा. देव अजून जागा झाला नसेल."

देव जागा होता की नाही, ठाऊक नाही. पण चुली नक्कीच झाल्या नव्हत्या. लोकबीरने झांजा परत केल्या. "दाइ, मी निघतो."

"देवापुढे झांज वाजवून उपाशी जाणार?" पंचलालने त्याचा कोट धरला. "आमच्या टोळाचं नाव घालवतोस का, बाबू? बस. लवकर आलोय म्हणून थोडा वेळ लागेल, एवढंच."

अशा रीतीने मिरवणुकीत वाचलेला वेळ पोहे, रेड्याचे मांस आणि सोयाबीन शिजण्याची वाट पाहण्यात गेला. साडेतीनला अंगणात लांबच लांब चटई पसरली गेली. लोकबीरला शेवटची जागा मिळाली.

"आमच्याकडे वय विचारत नाहीत, घर विचारत नाहीत," पंचलालने शेजारी बसत समजावले. "रांगेत जो आधी आला, तो वर बसतो. वरच्यानं घास घेतल्याशिवाय खालच्यानं घ्यायचा नाही. आणि थकाली उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. काही झालं तरी."

लोकबीरला आत कुठेतरी एकदम ऊब वाटली. या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला समजेल अशा भाषेत बोलले होते.

ऊब फार टिकली नाही. आशाकाजींच्या तोंडात तीन दात शिल्लक होते आणि त्या तिघांचे आपसांत पटत नव्हते. प्रत्येक घास तिघांच्या संमतीने खाली उतरत होता. चार वाजले. बांबूच्या कोंबांची आमटी आली. सव्वाचार वाजले. मनगटावरच्या घड्याळात अकादमीची वाट लांब होत चालली होती. मिनिटाला एकशेवीस पावलांनीही ती वीस मिनिटांच्या आत संपणारी नव्हती.

आशाकाजींच्या पत्नी नानीमैया लांब चोचीची झारी घेऊन मद्य वाढत खाली आल्या. लोकबीरने समोरच्या मद्याच्या पणतीवर हात ठेवला.

"का रे? माझ्या हातचं नको?"

"फाटकावर तोंडाचा वास घेतात, आजी."

"कुठल्या फाटकावर?" त्यांनी झारी थांबवली. चष्मा नाकावर चढवला. "आणि तू कोण? पंचलाल, हा कोण?"

"तुमच्या बहिणीचा मुलगा ना?"

"त्याचा तर दुपारीच फोन आला, मावशी मला झोप लागली म्हणून!"

साऱ्या पंगतीची डोकी शेवटाकडे वळली. उठायला बंदी असल्यामुळे लोकबीर बसल्या बसल्याच सावधान झाला.

"कॅडेट लोकबीर रोकाया. जुम्ला. रांग दिसली, म्हणून उभा राहिलो."

मग सगळेच बाहेर आले : वही, दही, गिटार, बंदुका, पाच वाजता बंद होणारे फाटक. कुणीतरी घड्याळ पाहिले. चार पस्तीस.

"अरे मग बसलायस काय?" पंचलाल ओरडला. "ऊठ! पळ!"

लोकबीरने मान हलवली. डोळ्यांत पाणी होते, पण पाठ ताठ होती. "थकाली उठले नाहीत, दाइ."

आता सारी डोकी उलट्या दिशेला वळली. आशाकाजींनी तोंडातला घास सावकाश निकाली काढला. या पंगतीचे शेपूट त्यांनी वर्षावर्षाने आखूड होताना पाहिले होते. कोरियाला गेलेले, आखातात गेलेले, नुसतेच न येणारे. आज शेवटी कोण बसते, हे बघायची सवयही त्यांनी सोडली होती.

"अजून दही यायचंय," ते म्हणाले.

पंचलालने पुन्हा घड्याळाकडे पाहिले.

"वाटेत खाऊ," म्हणत आशाकाजी उठले.

थकाली उठले, म्हणून पंगत उठली. आणि मंडळ थकालींशिवाय कुठे जात नाही नि वाद्यांशिवाय थकाली, म्हणून ढोलही उठले. कुंभारांच्या चौकात मडक्यांची हातगाडी उभी होती. आशाकाजींना तीत बसवले, मांडीवर दह्याचे मातीचे भांडे दिले, आणि लोकबीरने झांजा उचलल्या. डावा पाय, झण्. मागून कुंभार जीव तोडून ओरडत होता : "हळू रे, बाबू! म्हातारा आहे तो, शत्रू नाही!"

पाचला दोन मिनिटे कमी असताना कॅप्टन पुडासैनी फाटकात हातातल्या घड्याळाकडे पाहत उभे होते. त्यांनी मान वर केली आणि घड्याळ विसरले.

"हे काय आहे, रोकाया?"

"फुरसत, सर!"

"हा आमचा शेवटचा माणूस," हातगाडीतून आशाकाजी म्हणाले. "दर शनिवारी तालमीला लागेल. लोकबीर नाव आहे त्याचं, ठाऊक असेल तुम्हाला. आणि तुम्ही काय करता हो, शनिवारी?"

"मी?" कॅप्टनांनी मागे वळून फाटकाकडे पाहिले. टेकडीवर संध्याकाळ उतरत होती. "मी या वह्या तपासतो."

आशाकाजींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की कॅप्टनांनी टोपी सारखी केली. मग म्हाताऱ्याने मांडीवरचे दही उचलून त्यांच्या हातात दिले.

त्या रात्री वहीत नोंद झाली : ‘भक्तपूरला गेलो. दही खाल्ले नाही. भक्तपूर परत सोडायला आले.’ तिच्याखाली कॅप्टनांची सही होती आणि सहीवर दह्याचा एक थेंब.

पुढच्या शनिवारी कॅप्टन पुडासैनी स्वतः तालमीला आले. तपासणीसाठी, असे त्यांनी दोनदा सांगितले. तालीम संपली, चटई अंथरली गेली, पोहे वाढले गेले. कॅप्टन सवयीने वरच्या टोकाकडे निघाले, तेव्हा पंचलालने त्यांचा कोट धरला.

"तिकडे नाही, साहेब. शेवटी. या मुलाच्या पलीकडे. तो तुमच्यापेक्षा एक शनिवार जुना आहे."

आशाकाजींनी घास घेतला. मग त्यांच्या खालच्याने, मग त्याच्या खालच्याने. घास चटईवरून सरकत सरकत पंचलालपर्यंत आला. कॅप्टनांचा हात पोह्यांवर अधांतरी थांबला होता. त्यांनी तिरक्या नजरेने शेजारी पाहिले.

लोकबीर खिडकीतल्या फुलांकडे पाहत होता. तालीम चांगली झाली होती, ऊन उबदार होते, आणि पाच वाजायला अजून खूप अवकाश होता. त्याने पोह्यांतला एकेक सोयाबीन निगुतीने बाजूला केला.

"रोकाया," कॅप्टन हळूच म्हणाले, "घे ना."

"घेतो, सर," लोकबीर म्हणाला. "सुटी आहे."